एका पहिलवान मोटारीचा कुलवृत्तांत

या सदरात आम्ही आजवर पोथ्यांविषयी लिहिले, देवळांविषयी लिहिले, शब्दांच्या व्युत्पत्तीविषयी तर वाचक कंटाळेपर्यंत लिहिले. मोटारींविषयी लिहिण्याचा प्रसंग येईल असे मात्र कधी वाटले नव्हते. आमच्याजवळ मोटार नाही. एक स्कूटर आहे, आणि तिच्या कागदपत्रांची पिशवी कोठे ठेवली आहे हे घरात एकाच व्यक्तीस ठाऊक असते. ती व्यक्ती आम्ही नव्हे. असो.

गेल्या दिवाळीत, भाऊबीज आटोपल्यावर, आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. शाळेत असताना वहीच्या मागल्या पानावर मोटारींची चित्रे काढण्याबद्दल त्याने आमच्या हातून पुष्कळ बोलणी खाल्ली होती. आज तो अमेरिकेत, मिशिगन राज्यात, मोटारींच्याच धंद्यात अभियंता आहे. म्हणजे आमची बोलणी वाया गेली हे उत्तम झाले. पोह्यांवर जिरावण भुरभुरवून बशी पुढे केली तरी त्याचा हात चालेना. तिकडे सारे क्षेम आहे ना, असे विचारता त्याने मोबाइलवर एका मोटारीचे छायाचित्र दाखविले. पिकल्या जांभळाच्या रंगाची, लांबलचक नाकाची, आरशासारखी चकचकीत मोटार.

"सर, गाडी माझी आहे," तो म्हणाला, "पण ती नक्की कोणती गाडी आहे, हेच मला कळेनासे झाले आहे."

ज्या मनुष्याने घरासाठी साठविलेली पुंजी एका मोटारीत घातली, त्याच्या तोंडून हे वाक्य ऐकून आम्हांस हसू आले नाही.

त्याची मोटार १९७० सालची डॉज चॅलेंजर. या जातीच्या मोटारींना तिकडे 'मसल कार' म्हणतात. आपण पहिलवान मोटार म्हणू. पॉन्टियॅक कंपनीने १९६४ साली मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे ३८९ घनइंचांचे इंजिन बसवून तिला 'जी.टी.ओ.' असे नाव दिले, तेव्हापासून या घराण्याची प्रतिष्ठा वाढली असे मानतात. तरुणांना परवडेल अशी किंमत आणि सरळ रस्त्यावर बाणासारखी सुटेल अशी ताकद, हे तिचे सूत्र. वळणावर तिची तारांबळ उडे, हा भाग निराळा. पुढे विम्याचे हप्ते चढले, धुरावर निर्बंध आले, १९७३ साली तेलाचा तुटवडा झाला, आणि पाच-दहा वर्षांतच हे तालीमबाज कुल जवळजवळ आटोपले. ज्या गाड्या तेव्हा थोड्या वर्षांत भंगारात गेल्या, त्यांच्याच उरलेल्या भगिनींना आज मोठ्या घराची किंमत येते.

जेथे किंमत येते तेथे वंशावळीचा प्रश्न येतो. इंदूरकरांस हे नवे वाटू नये. यशवंतराव होळकर महाराजांनी १९३०च्या दशकात अमेरिकेतून मागविलेली ड्यूसनबर्ग, तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांनी चढविलेला देह, हे सारे तिकडचे शौकीन आजही तोंडपाठ सांगतात. पण राजाची गाडी एकुलती एक असते, तिची ओळख पटविणे सोपे. पहिलवान मोटारी कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडल्या. एकाच साच्यातील, एकाच रंगाच्या. त्यांतील साध्या इंजिनाची गाडी कोणती आणि दुर्मिळ इंजिनाची कोणती, हे बाहेरून दिसत नाही. ते सांगतो केवळ एक क्रमांक.

हा क्रमांक मोठा बोलका असतो. आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीचा क्रमांक 'जे' या अक्षराने सुरू होतो, म्हणजे गाडी चॅलेंजर. पुढे अनुक्रमाने दर्जा आणि देहाचा प्रकार, पाचव्या जागी इंजिन, मग साल, मग कारखाना आणि शेवटी अनुक्रमांक. पाचव्या जागी 'जी' असेल तर ३१८ घनइंचांचे साधेसुधे इंजिन, 'यू' असेल तर ४४० घनइंचांचे, आणि 'आर' असेल तर ४२६ घनइंचांचे ते प्रख्यात हेमी. एका अक्षराने भाव कित्येक पटींनी बदलतो. ज्या लिपीत एका अक्षराला एवढे मोल आहे, तिच्यात कानामात्रा बदलण्याचा मोह कोणास होणार नाही?

तो मोह पुष्कळांस झालेला आहे. रीत अशी: गंजून संपलेल्या एखाद्या दुर्मिळ गाडीची क्रमांकाची पट्टी व कागद विकत घ्यावयाचे, धडधाकट पण साध्या गाडीच्या अंगावर ती पट्टी ठोकावयाची, इंजिन बदलावयाचे, आणि मेलेल्याच्या नावाने जिवंत माणूस चालवावयाचा. चोरीच्या गाड्यांनाही हीच युक्ती कामी येते. १९८४ पासून असा क्रमांक काढणे वा बदलणे हा तेथे केंद्रीय गुन्हा आहे. पण १९८४ पूर्वी या गाड्यांची दहा-पंधरा वर्षे निघून गेली होती, आणि नंतरही कायद्याला न भिणारे पुष्कळ उरले.

शिवाय १९८१ पूर्वीच्या गाड्यांच्या क्रमांकाला ठराविक सतरा अक्षरी रूप नव्हते. प्रत्येक कंपनीची आपापली बाराखडी. आज तिकडे संगणकावर क्रमांक टिपला की गाडीचा इतिहास समोर येतो, पण ती सोय १९८१ नंतरच्या गाड्यांची. त्याआधीच्यांच्या बाबतीत संगणक मौन पाळतो. मालकीच्या कागदास तेथे 'टायटल' म्हणतात, आणि ते देण्याचे नियम राज्याराज्यांत निराळे. व्हर्मॉंट या लहानशा राज्यात तर पंधरा वर्षांहून जुन्या गाडीची नोंद परराज्यातील माणसासही केवळ विक्रीच्या पावतीवर करून मिळत असे. ती वाट त्यांनी २०२३ साली अरुंद केली. म्हणजे 'कागद स्वच्छ आहे' याचा अर्थ 'इतिहास स्वच्छ आहे' असा होतोच असे नाही.

आमच्या विद्यार्थ्याचा कागद स्वच्छ होता. गाडी त्याने घेतली ती संपूर्ण नवी करून विकावयास ठेवलेली. डॅशबोर्डावरील पट्टीत 'यू' हे अक्षर स्पष्ट होते. वर्षभर त्याने तिला मिरविले, जपले, रविवारी मेळ्यांत नेऊन उभी केली. अशाच एका मेळ्यात एका वृद्ध गृहस्थाने काचेतून आत वाकून पाहिले व विचारले, "या पट्टीचे रिव्हेट कोणी बदलले?" कारखान्याचे रिव्हेट पाकळ्यांच्या फुलासारखे असतात, याचे गोल डोक्याचे, बाजारातले. त्या रात्री याने बॉनेट उघडले. पट्टीखेरीज क्रमांकाचे शेवटचे आकडे आणखी दोन ठिकाणी ठोकलेले असावयास हवेत: रेडिएटरच्या चौकटीवर आणि काचेखालच्या पत्र्याच्या कडेवर. चौकट कोरी करकरीत नवी निघाली, आणि कडेवरचा पत्रा घासून, पुटी भरून, रंगवून गुळगुळीत केलेला. मागच्या सीटच्या स्प्रिंगांत कारखान्याचा कागद कधीकधी अडकून राहिलेला सापडतो, तोही नाही. जुन्या मालकांचा शोध घेता १९९१ पर्यंत मागे जाता आले. त्याआधी १९७९ सालची एक नोंद. मधल्या बारा वर्षांत गाडी कोणाकडे होती, हे सांगणारे कोणी नाही.

आता यात लबाडी असेलच असे म्हणता येत नाही, आणि हीच खरी अडचण. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात. त्या मिठाने गाड्यांचे पत्रे वाळवी लागल्यासारखे झिजतात. एखाद्या प्रामाणिक कारागिराने सडलेली चौकट काढून नवी घातली असेल, पट्टी रंगकामासाठी उतरवून पुन्हा बसविली असेल. ज्या हाताने गाडी वाचविली त्याच हाताने तिची साक्ष पुसली असेल.

आम्हांस आमच्या गावाकडील देऊळ आठवले. जीर्णोद्धाराच्या उत्साहात मंडळींनी गर्भगृहाच्या चौकटीवरील शिलालेखास पिवळा ऑइलपेंट फासला होता. देऊळ सुंदर दिसत होते. ते कोणी बांधले, एवढेच काय ते वाचता येईना. रंग देणारे सारे भाविक होते, चोर एकही नव्हता.

कॅन्सस राज्यात घडलेला प्रसंग याहून कठोर आहे. तेथील एका सेवानिवृत्त गृहस्थाने १९५९ सालची, उत्तम दुरुस्त केलेली शेव्हरोले कॉर्व्हेट इंडियाना राज्यातून पन्नास हजार डॉलरांना घेतली. ही पहिलवान मोटार नव्हे, तिच्या वडीलघराण्यातली. आपल्या राज्यात नोंद करण्यासाठी तो स्वतः होऊन ती पोलिसांच्या तपासणीस घेऊन गेला. पट्टी कधीतरी दुरुस्तीत काढून पुन्हा बसविली गेली होती, हे तपासनीसाच्या लक्षात आले. २०१७ साली गाडी जप्त झाली. गृहस्थाचा काही अपराध आहे असे कोणीही म्हटले नाही; पण कायद्याच्या शब्दानुसार अशी गाडी नष्ट करावयाची होती, आणि राज्याने तशी भूमिका न्यायालयात घेतलीही. जवळजवळ पाच वर्षे तो भांडला. अखेर २०२२ साली विधिमंडळाने, जुन्या गाडीच्या दुरुस्तीसाठी पट्टी काढून पुन्हा लावणे हा अपराध नव्हे, अशी सुधारणा केली, आणि गाडी घरी आली. इतकी वर्षे पडून राहिल्याने तिला पुन्हा दुरुस्तीची गरज लागली, हे ऐकून हसावे की रडावे?

आणि उलट बाजूही आहेच. १९६९च्या जानेवारीत न्यूयॉर्कमधील एका तरुणाची अवघ्या तीन महिन्यांची निळी कॉर्व्हेट चोरीस गेली. सदतीस वर्षांनी लॉंग बीच बंदरात स्वीडनला निघालेल्या गाड्यांच्या नेहमीच्या क्रमांक-तपासणीत ती सापडली. रंग रुपेरी झाला होता. एव्हाना साठी ओलांडलेल्या मूळ मालकास ती परत देण्यात आली. तिकडचा कायदा या बाबतीत आपल्या आजीच्या न्यायासारखा सरळ आहे: चोराला मालकी नसते, म्हणून त्याला ती दुसऱ्यास देताही येत नाही, मधल्या दहा हातांनी खरे पैसे मोजले असले तरी. ज्याने शेवटी पैसे दिले तो हात चोळीत बसतो. आमच्या विद्यार्थ्याची झोप उडाली होती ती या कल्पनेने. ती मधली बारा वर्षे कोणाच्या तरी अंगणातून उचललेली असली तर?

त्याचे मन वळवावे म्हणून आम्ही त्याला त्याच्याच धंद्यातील एखादी चांगली गोष्ट सांग म्हटले. शिक्षकाची ही जुनी युक्ती. रडवेल्या मुलास पाढे म्हणावयास लावले की हुंदके थांबतात. त्याने दोन मस्टॅंगांची गोष्ट सांगितली. ती आम्हांस इतकी आवडली की मागाहून जमेल तेवढे वाचून काढले.

१९६८ साली पीटर येट्स यांनी दिग्दर्शित केलेला 'बुलिट' हा चित्रपट आला. त्यात स्टीव्ह मॅक्वीन यांनी सॅन फ्रॅन्सिस्कोच्या चढउतारांवरून हिरवी फोर्ड मस्टॅंग जी पिटाळली, तो दहा मिनिटांचा पाठलाग अजून शौकिनांच्या डोळ्यांपुढून हटत नाही. त्यासाठी फोर्डच्या दोन गाड्या घेतल्या होत्या, पाठोपाठच्या क्रमांकांच्या. एकीच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे ५५८, दुसरीचे ५५९. उड्या मारण्याचे कष्ट ५५८च्या वाट्याला आले, नायकाच्या चेहऱ्याजवळचे प्रसंग ५५९च्या. जुळ्या बहिणींतील एकीने धुणीभांडी करावी व दुसरीने पाटावर बसावे, तसा प्रकार.

पाटावरची बहीण चित्रीकरणानंतर स्टुडिओतील एका नोकराने विकत घेतली. त्याच्याकडून ती न्यू जर्सीतील एका पोलीस अधिकाऱ्याकडे गेली, आणि त्याने १९७४ साली एका मोटारविषयक मासिकात जाहिरात दिली ती वाचून त्याच राज्यातील एका गृहस्थाने ती काही हजार डॉलरांत घेतली. या गृहस्थांची पत्नी शिक्षिका होती, आणि जगातील एका अतिप्रसिद्ध मोटारीतून ती बाई रोज शाळेत जाई. आमच्या विद्यालयाच्या सायकल-स्टॅंडावर अशी गाडी उभी राहिली असती तर त्या दिवशी कोणता तास नीट झाला असता, देव जाणे. १९७७च्या डिसेंबरात खुद्द मॅक्वीन यांनी पत्र लिहून ती परत मागितली. मोबदल्यात तशीच दुसरी मस्टॅंग शोधून देण्याची तयारी दाखविली. कुटुंबाने दिली नाही. पत्र मात्र जपून ठेवले. १९८० साली क्लच गेला, तशी गाडी उभी राहिली ती राहिलीच. त्याच वर्षी मॅक्वीन वारले. कुटुंब पुढे टेनेसीत गेले, गाडीही गेली. गृहस्थ २०१४ साली निवर्तले. मुलाने २०१८च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ती जगापुढे आणली, तोवर पुष्कळांची समजूत ती नष्ट झाली अशीच होती. २०२० साली फ्लॉरिडातील लिलावात तिला अडतीस लाख डॉलरांना थोडी कमी, म्हणजे कमिशनासह सदतीस लाख चाळीस हजार डॉलर, किंमत आली.

लक्षात घ्यावयाचे ते हे की, या गाडीस कोणी नवे रूप दिले नव्हते. रंग उडालेला, जागोजागी गंज, चित्रपटासाठी कॅमेरे बसविताना केलेल्या जोडकामाच्या खुणा तशाच. तिला चालू केली, पण धुऊन पुसून कोरी केली नाही. हात बदलले ते तीनदाच, आणि प्रत्येक हाताचा कागद शिल्लक.

कष्टकरी बहिणीची कथा निराळी. ती भंगारात गेली असेच सारे धरून चालले होते. २०१६च्या सुमारास मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या टोकास एका भंगाराच्या अंगणात पांढऱ्या रंगाखाली गंजत पडलेली एक मस्टॅंग एका मनुष्याने घेतली. त्याचा बेत होता 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स' या २००० सालच्या चित्रपटातील 'एलिनॉर' नामक मस्टॅंगसारखी हुबेहूब गाडी बनविण्याचा. म्हणजे एका चित्रपटातील खऱ्या गाडीची दुसऱ्या चित्रपटातील गाडीची नक्कल व्हावयाची होती! काम सुरू झाले, आणि सुदैवाने कोणास तरी आधी क्रमांक तपासण्याची बुद्धी झाली. केव्हिन मार्टी या गृहस्थांकडे फोर्डच्या त्या काळातील उत्पादनाच्या नोंदी आहेत. त्यांनी २०१७ साली प्रत्यक्ष जाऊन पाहिले. शॉक-ॲब्सॉर्बरच्या जागा वेगळ्या मजबूत केलेल्या, डिकीच्या पत्र्यात तारा नेण्यासाठी पाडलेली भोके, आणि ठोकलेला मूळ क्रमांक: ५५८. आणखी काही आठवडे काम पुढे गेले असते तर ती भोके बुजली असती. मेक्सिकोपर्यंत ती कोणकोणत्या हातांतून गेली, ती साखळी जुळत नाही. पण अंगावरच्या जखमांनी तिची ओळख दिली.

गोष्ट संपेपर्यंत पोहे गार झाले होते, परंतु त्याने बशी उचलली. आम्ही त्याला शाळेत नेले. सुटी होती, कार्यालयाची किल्ली आमच्याकडे. आमच्याकडे ज्यास स्कॉलर रजिस्टर म्हणतात त्याचा त्याच्या वर्षाचा खंड काढला. त्याच्या नावापुढे जन्मतारखेच्या रकान्यात एक चूक आहे: महिना आधी चुकीचा लिहिला, मग त्यावर एक आडवी रेघ, बाजूस बरोबर महिना, खाली तेव्हाच्या मुख्याध्यापकांची सही आणि तारीख. चुकीचा महिना रेघेखालून आजही वाचता येतो. रजिस्टरात खाडाखोड करावयाची नाही, पांढरी शाई लावावयाची नाही, पान फाडावयाचे नाही, हे आम्ही नव्या कारकुनांस पहिल्या दिवशी सांगतो. बहुतेकांना तो आमचा हेकटपणा वाटतो. त्याने त्या रेघेवरून बोट फिरविले आणि बराच वेळ काही बोलला नाही.

मग त्याने न सांगितलेली गोष्ट सांगितली. गाडीला एक गिऱ्हाईक आले होते. दूरच्या राज्यातले, घाईचे, चांगली किंमत देणारे. त्याने रिव्हेटांविषयी काही विचारले नव्हते. पाकळ्यांचे रिव्हेट बाजारात मिळतात, असेही कोणीतरी याच्या कानी घातले होते. पुंजी परत मिळत होती, घराचा प्रश्न सुटत होता. "मी न सांगता विकली असती तर कोणाला कळले नसते, सर." आम्ही उत्तर दिले नाही. पंचविशी-तिशीतल्या माणसास मुख्याध्यापकाने आणखी काय सांगावयाचे?

फेब्रुवारीत त्याचे पत्र आले. खरोखरचे, कागदावरचे. गिऱ्हाइकाला त्याने सारे लिहून कळविले. त्याचे उत्तर आले नाही. गाडी त्याने स्वतःच पोलिसांच्या तपासणीस नेली. चोरीच्या नोंदींत तिच्या पट्टीचा क्रमांक सापडला नाही. मात्र अंगावरचा दुसरा क्रमांक उजेडात आल्याखेरीज मनाचे समाधान होणार नव्हते, म्हणून काचेखालच्या कडेवरचा रंग व पुटी त्याने स्वतःच्या हाताने उतरविली. जांभळ्या चकचकीत गाडीच्या कपाळावर आता वीतभर उघडा पत्रा आहे. घराचे काम लांबणीवर पडले आहे. तिच्यासाठी त्याने एक वही केली आहे. माहीत असलेल्या मालकांची नावे सालवार, आणि १९७९ ते १९९१ यांसाठी एक पूर्ण पान कोरे.

पत्रासोबत त्या पत्र्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून काढलेली छाप होती, आपल्याकडे आर.टी.ओ.च्या कामासाठी चेसिसची काढतात तशी. आम्ही ती खिडकीशी नेऊन भिंगाखाली पाहिली. पहिले पाच आकडे पट्टीशी जुळतात. पुढच्या तीन जागी घासणीच्या तिरप्या रेघांखेरीज काही उमटलेले नाही.